ठकूबाईची गाणी, इमामचाचांचा कान

बांगड्या भरणारे इमामचाचा मण्यार समोरच्या बाईचा हात हातात घेत, पण आधी बांगडीचं माप बघत नसत. आधी विचारत, "ठकूबाईचं कोन्तं येतं?"

येत नसेल तर हात अलगद सोडून देत. "मग बसा जरा. दुसरीला येऊ द्या." ती बाई बिचारी रांगेच्या शेवटी जाऊन बसायची, बाकीच्यांचं ऐकून एखादं कडवं घोकायची आणि पुन्हा हात पुढे करायची. त्यामुळे आमच्या साखऱ्यात अशी एकही सून राहिली नव्हती, जिला ठकूबाईचं निदान एक गाणं येत नाही.

चाचा राहायचे सेनगावला. निजामाचं राज्य होतं तेव्हा. दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि चालताना अंगातून किणकिण आवाज. दोन-अडीच महिन्यांनी त्यांची फेरी आमच्या गावात यायची. आवाज वेशीपाशी आला की बाया हातातली कामं टाकून आमच्या ओट्यावर जमायच्या, कारण ओटा मोठा होता आणि सावली दिवसभर टिकायची.

ठकूबाई होती हट्टा गावची. दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरायची. दळता दळता गाणी जुळवायची आणि शेवटी "ठकू म्हने" म्हणून आपलं नाव गुंफायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून गाणी राहिली ती बायांच्या तोंडातच. एका गावातून लेक दुसऱ्या गावी नांदायला गेली की तिच्यासोबत गाणं जायचं. ठकूबाई मी जन्मायच्या आधीच वारली. चाचांनी मात्र तिला ऐकलं होतं. वडिलांबरोबर माळा घेऊन हट्ट्याला गेले होते तेव्हा. किती वेळ ऐकलं, असं विचारलं तर म्हणायचे, "एक हात भरूस्तोवर." एवढंच. पण त्यानंतर उभा जन्म त्यांनी ती गाणी दुसऱ्या बायांच्या गळ्यातून ऐकण्यात घालवला.

माझं लग्न होऊन मी साखऱ्याला आले ती चौदाव्या वर्षी. पहिल्याच फेरीला चाचांनी विचारलं, "पोरी, माहेर कोन्तं?"

"हट्टा," मी म्हणाले.

चाचांनी माझा हात सोडला, उठून उभे राहिले आणि हट्ट्याच्या दिशेनं सलाम केला. मग बसून म्हणाले, "आता म्हना."

मी म्हणाले. घाबरून, भरभर. आईनं शिकवलेलं आडाचं गाणं होतं ते. आईनं ते खुद्द ठकूबाईच्या जात्याला हात लावून घेतलं होतं आणि आमच्या मुलखात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पहिलं कडवं संपलं तेव्हा चाचांचा एक डोळा मिटलेला होता. ऐकताना तो मिटायचाच. तो उघडून ते म्हणाले, "हट्ट्याची असून तकलीफ दिली. बाई आडापाशी बोलायला आली हाय. तुमी तर घागर भरून पळून राहिल्या."

सगळ्या बाया हसल्या. मला रडू फुटलं. पण हाताकडे बघते तर चारी बांगड्या मनगटात जाऊन बसल्या होत्या आणि मला कळलंही नव्हतं. "गानाऱ्या बाईचा हात लोन्यावानी व्हतो," चाचा म्हणायचे. "रडनाऱ्या बाईचाबी व्हतो, पण ते काम बरं न्हाई."

त्यांचा निकाल तीनच प्रकारचा असे. वाईट म्हटलं तर "तकलीफ". चांगलं म्हटलं तर "बराबर". आणि फार क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी, बांगडी हातातच धरून म्हणत, "हे आता ठकूबाईचं न्हाई ऱ्हायलं. हे तुमचं." या तिसऱ्या निकालासाठी बाया जीव टाकायच्या. सोनाराच्या दुकानातला डाग हातून जावा तशी हळहळ, तो दुसरीला मिळाला की व्हायची.

कुठल्या गावची कुठली बाई ठकूबाईचं कुठलं गाणं सगळ्यात चांगलं म्हणते, हे चाचांच्या डोक्यात पक्कं होतं. दर फेरीला त्यात बदल व्हायचा आणि तो बदल ते बातमीसारखा सांगायचे. दुष्काळ, लग्नं, मुनसफाची बदली हे सगळं नंतर.

आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, आणि चाचांची लढाई यातूनच झाली. आत्याबाईंचं गाणं होतं शेळीचं. सासूसाठी ठेवलेली भाकर शेळी खाते आणि घरभर पळापळ होते, असं ते गाणं. आत्याबाई स्वभावानं करारी. त्यांनी ते असं म्हटलं, जसं कुणी मयतीला म्हणावं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी कळवळून विचारलं, "आक्का, शेळी मेल्यावानी काहून म्हनता? ती तर भाकर खाऊन मजेत हाय."

आत्याबाईंनी भरलेल्या हातानंच दाराकडे बोट दाखवलं. "माझ्या ओट्यावर पाय ठेवायचा न्हाई पुन्हा."

"बराबर," म्हणून चाचांनी माळा उचलल्या.

पुढच्या दोन फेऱ्या ते समोरच्या काशीच्या लिंबाखाली बसले. आत्याबाई दाराच्या फटीला कान लावून उभ्या राहायच्या आणि मी तिकडून आले की विचारायच्या, "काय म्हनला तो? माझं नाव काढलं का?" मी नाही म्हटलं की आणखी चिडायच्या. मग एक दिवस गोठ्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. म्हशीला आंबोण घालता घालता त्या शेळीचं गाणं घोकत होत्या. पळायच्या, थांबायच्या, मध्येच शेळीसारखं बें-बें करायच्या. म्हैस बुजली. आठ दिवस तिनं नीट पान्हा सोडला नाही आणि घरात चहाला दूध पुरेना. सासरे म्हणाले, वैद्याला दाखवू. आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीला काय बी झालं न्हाई. सवय व्हईल तिला."

तिसऱ्या फेरीला त्या स्वतःच लिंबाखाली गेल्या, पदर खोचला आणि उभ्यानंच गाणं म्हटलं. शेळी चुलीपासून न्हाणीपर्यंत पळाली, सासू मागून काठी घेऊन धावली. बाया पोट धरून हसल्या. चाचांनी मिटलेला डोळा बराच वेळ उघडला नाही. मग म्हणाले, "आक्का, हे आता ठकूबाईचं न्हाई ऱ्हायलं. हे तुमचं."

त्या दिवसानंतर आत्याबाई गावात अशा चालायच्या, जणू निजामानं त्यांना जहागीर दिली आहे.

काशीचं मात्र वेगळं झालं. तिचा मान पाळण्यात होता. ठकूबाईचा पाळणा साखऱ्याच्या काशीचा, असं चाचांनी सात-आठ वर्षं म्हटलं. आणि एका फेरीला ओट्यावर टेकता टेकता बातमी दिली, "पाळना गेला तांड्यावर. सोनीबाई. पयला नंबर."

बाया चिडल्या. लमाणांचा तांडा गावापासून दोन कोसांवर. तिथल्या बायांच्या हातात मनगटापासून दंडापर्यंत त्यांच्याच पांढऱ्या बांगड्या. काचेला जागाच नाही. "तिथं तुमी काय विकता चाचा?" काशीनं विचारलं.

"काय बी न्हाई."

"मग जाता काहून?"

"ऐकायला," चाचा म्हणाले, जसं काही हे विचारायचीही गोष्ट नव्हे. मग सांगितलं की सोनीबाईला आपल्या मराठीतले निम्मे शब्द कळत नाहीत. जिथे कळत नाही तिथे ती तिच्या बोलीतले घालते, आणि चालही त्यांच्या लमाणी गाण्यांसारखी लांबवते.

"म्हंजे चुकीचं म्हनते," काशी म्हणाली.

"चुकीचंच. पन ऐकून बघा."

काशी खरंच गेली. धाकटं पोरगं कडेवर घेऊन, सोनीबाईचं पितळ उघडं पाडायला. ते पोरगं म्हणजे गावाला ठाऊक होतं. दिवसा झोपायचं नाही म्हणजे नाही. उन्हं कलताना काशी परत आली. आम्ही सगळ्या वाट बघत होतो. कुणी काही विचारायच्या आत तिनं खांद्यावरचं पोरगं आम्हाला दाखवलं. तोंड उघडं टाकून घोरत होतं. "पयल्याच कडव्याला झोपलं," काशी म्हणाली आणि घरात गेली.

चाचांनी स्वतः कधी एक ओळही म्हटली नाही. बाया मागे लागायच्या तेव्हा म्हणायचे, "माझा गळा कानशीवानी हाय. काच फुटंल." आम्हाला वाटायचं, हा माणूस नुसता कान आहे. घरी कोण आहे, बायको आहे की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एवढी वर्षं त्यांनी आमचे हात धरले, आमच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊक. आम्हाला मात्र त्यांचं दारसुद्धा ठाऊक नव्हतं. आता हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

लग्नानंतर सहाव्या वर्षी माझा पहिला मुलगा तापानं गेला. अडीच वर्षांचा होता. त्यानंतर मी गाणं सोडलं. ठरवून सोडलं असं नाही, पण जात्यावर बसले की तोंड उघडायचंच नाही. पुढच्या फेरीला मी हात पुढे केला तेव्हा बाया चाचांकडे बघू लागल्या. आता हा नेहमीचं विचारेल, अशी सगळ्यांना धास्ती. चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही न विचारता एकेक बांगडी चढवली आणि म्हणाले, "जा पोरी." पुढची चार वर्षं असंच. रांगेत मी एकटीच अशी होते, जिला गाण्यावाचून हात भरून मिळायचा. पुढे मला मुलगी झाली, तरी मी गायले नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना सांगायला नको. आधी एका बाजूची माणसं भिऊन होती, मग दुसऱ्या बाजूची. चाचांची फेरी आली नाही. पावसाळा सरला, दिवाळी गेली, तरी नाही. कुणी सांगितलं, गाव सोडून गेले. कुणी सांगितलं, वाटेत त्यांना अडवून माळा फोडल्या, तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. गावातले काही पुरुष म्हणाले, बरंच झालं, दुसरा कासार बघू.

आत्याबाईंनी तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी जुंप. सेनगावला जायचं."

"आई, वाट बरी न्हाई अजून."

"मी बांगड्या भरायला चालले, लढाईला न्हाई. सुनेच्या हातात दोनच ऱ्हायल्या. कुनी विचारलं तर दाखवते."

आत्याबाई, काशी, मी आणि आणखी दोघी अशा पाच जणी गाडीत बसलो. दुपारी सेनगावला पोचलो. मण्यारांच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलुपं होती. एका म्हाताऱ्यानं चाचांचं दार दाखवलं. "हाय आत. पन उघडत न्हाई कुनाला."

आम्ही कडी वाजवली. उत्तर नाही. आत्याबाईंनी हाक मारली, "इमामभाई, मी साखऱ्याची पारू. बाया आल्यात." तरी नाही. काशी म्हणाली, चला परत. आत्याबाई दारासमोरच्या दगडावर बसल्या आणि काय मनात आलं कोण जाणे, ठकूबाईचा पाळणा म्हणू लागल्या. पाळणा हे काही त्यांचं गाणं नव्हतं. शिवाय अनोळखी गल्ली, बंद दारं. तरी त्या न थांबता पुढे पुढे रेटत होत्या.

दुसऱ्या कडव्यात आतून आवाज आला. बाईचा.

"आक्का, तिथं थांबायचं असतं. काशीबाई थांबतात तिथं."

काशीनं तोंडावर हात ठेवला. मग कडी निघाली आणि चाचा दारात उभे होते. दाढीची मेंदी उतरून ती पांढरी झाली होती. खांदे रिकामे होते. त्या खांद्यांवर माळा नसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते आणि ते फार बारीक दिसत होते.

"आत या," ते म्हणाले. "ती बसूनच असते, तिला उठता येत न्हाई."

आत खिडकीखाली गोधडीवर एक बाई बसलेली होती. हाजराबी. चाचांची बायको. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मोठं दुखणं झालं आणि कमरेखालचं अंग गेलं. मूलबाळ नाही. तिनं वीस-बावीस वर्षं त्या खोलीबाहेरचं काही बघितलं नव्हतं. आमच्या तोंडांकडे ती नुसती टकमक बघत होती. मग म्हणाली, "कुनी सांगू नका. एकेक बोला, मी वळखते."

काशी म्हणाली, "काय बोलू चाची?"

"काशीबाई," हाजराबी लगेच म्हणाली. "पाळना. झोपलेलं पोरगं आता केवढं झालं?"

एकेकीला तिनं असंच ओळखलं. आत्याबाईंना म्हणाली, "तुमच्या म्हशीनं तर आमाला लई हसवलं." आत्याबाईंनी चाचांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभे होते.

मग हळूहळू उलगडलं. फेरीवरून परत आले की चाचा घरी गायचे. कानशीसारख्या त्या गळ्यानं, पण ज्या बाईचं त्या बाईसारखं. कुणी कुठे श्वास घेतला, कुठे हसली, कुठे खोकली, सगळं. सोनीबाईचे न कळलेले शब्दसुद्धा. हाजराबीनं ठकूबाईला कधी ऐकलं नव्हतं, आम्हालाही नाही. पण साखऱ्यापासून हट्ट्यापर्यंतच्या दीडशे बाया तिच्या ओळखीच्या होत्या आणि कोण पहिली, कोण दुसरी, हा निकाल तिचा असायचा. चाचा नुसते तो आम्हाला आणून सांगायचे.

"माळा कुनी फोडल्या?" आत्याबाईंनी मध्येच विचारलं.

"वळखीचे न्हवते," चाचा म्हणाले. त्यांनी ते इतक्या चटकन म्हटलं की आम्ही पुढे काही विचारलं नाही.

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. हाजराबीनं माझ्याकडे बोट केलं. "ही बोलत न्हाई. ही अन्सा. हट्ट्याची."

मी मान हलवली. तिनं मला जवळ बसवून घेतलं. "तुमचं लेकरू गेलं त्या फेरीला हे आले अन् म्हनले, अन्सा गायली न्हाई. म्या म्हनलं, गाऊ नका तुमी बी. तिचं गानं आपन घरात ठेवू. तवापासून रोज नमाज झाली की मी म्हनते. तुमच्यावानी. न्हाई म्हनलं तर इसरून जाईल ना."

आणि ती म्हणू लागली.

"आडा रे आडा, तुला सांगते ऐक,
सासरच्या गावी मी नवीच लेक.
दोर माझा आखूड, पानी तुझं खोल,
कुनापाशी बोलू रे, तू तरी बोल."

माझी घाई त्यात होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी श्वास चोरायचे, तोही होता. मी कशी गाते हे मला कधी ठाऊक नव्हतं. कुणाला असतं? मुलगा मांडीवर असताना मी अशी गात होते. हे त्या बाईनं, मला न बघता, चार वर्षं जपून ठेवलं होतं. मी तिचा हात धरला. तो हात कृश होता आणि त्यात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, अगदी बेताच्या मापाच्या.

पाचवं कडवं संपल्यावर ती थांबली. "पुढचं न्हाई येत मला."

एक सांगायचं राहिलं. माझ्या या गाण्याचं एका फेरीला एकापेक्षा जास्त नवं कडवं चाचा म्हणू देत नसत. "बाकीचं पुढल्या फेरीला," म्हणायचे. मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. दोन-अडीच महिने पुरेल एवढं घरी न्यायचं असायचं त्यांना. मधल्या फेऱ्या जुनंच घोकण्यात जायच्या, त्यांना मनासारखं होईपर्यंत. पाच कडवी झाली आणि मग माझं गाणं बंद पडलं होतं.

"आड काय म्हनतो मग?" हाजराबीनं विचारलं. "चार वर्सं झाली, मी इचार करून राहिले. बाई एवढं बोलली, आड काय म्हनला असंल?"

चाचा चौकटीपाशीच खाली बसले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या पदराच्या टोकाशी काही करत होत्या. मी तोंड उघडलं तेव्हा पहिले दोन शब्द नुसतेच हवेसारखे गेले. मग आवाज आला. या वेळी मी घाई केली नाही.

"आड म्हने बाई गं, वाकून बघ जरा,
तुझ्याच डोळ्यांचा माझ्यात झरा.
ठकू म्हने पोरी, दोर अजून सोड,
आडाच्या पोटात पानी हाय गोड."

हाजराबीनं ते दोनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर स्वतः म्हणाली.